लच्छू घरी झोपत नाही

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार

झाली एकदाची मीटिंग! काय एकेक रत्नं दिलीत सरकारनं माझ्या रिमांड होमला! काळजीवाहक गुणवंतराव — पोरांच्या आधी स्वतः घोरतात. स्वयंपाकीण गिरजाबाई — तिच्या वरणात डाळ शोधावी लागते. आणि परिवीक्षा अधिकारी श्रीहरी. पोराच्या गावी जायचं, घरदार बघायचं, अहवाल लिहायचा. त्यावर कोर्ट ठरवणार, पोरगं घरी की सुधारगृहात. आता या श्रीहरीला बस लागते! चंद्रपूर-गडचिरोलीत नेमणूक, अन् तिकीट काढलं की ओकारी!

अधीक्षक मी. तोंडावर "बाई" म्हणतात. मागून काय म्हणतात ते विचारत नाही.

७ फेब्रुवारी

नवा पोरगा आला. लच्छू, धानोऱ्याच्या आतल्या जंगलगावचा, गोंडाचा. कागदावर चौदा, दिसतो बाराचा. बाजारातून मास्तरांची सायकल पळवली. पण चालवता कुठे येते? हातात धरून तीन कोस चालत नेली. पोलिसांनी म्हणे जीपनं पाठलाग करून पकडलं. पायी चालणाऱ्या पोराचा जीपनं पाठलाग! शौर्यपदक द्या!

"काऊन नेली रे?"

"घंटी वाजवाले."

रजिस्टरमध्ये काय लिहू आता?

१३ फेब्रुवारी

श्रीहरी धानोऱ्याहून परतला. चेहरा कारल्यासारखा. "गावात जाऊन आलो बाई, शप्पथ!" अहवाल ठेवला टेबलावर. वाचून हसावं की कपाळ बडवावं कळेना —

"मुलगा रात्री घरी झोपत नाही, असे वडील स्वतः कबूल करतात. एका मोठ्या झोपडीत मुलामुलींच्या टोळक्यात राहतो. वडिलांना याची लाज वाटत नाही. सुधारगृहात पाठवावे."

अरे शहाण्या, ते गोटुल! गावातली सगळी वाढती पोरंपोरी तिथंच निजतात, तिथंच नाचतात, थोरांकडून रीतभात शिकतात. लच्छू घरी झोपला असता तर काही बाधा झाली म्हणून बापानं पुजारी बोलावला असता! धानोऱ्यात दोन वर्षं नोकरी केलीय मी. मला ठाऊक आहे.

दुरुस्त करायला पेन उघडलं. मग वाटलं, दरवेळी मीच का निस्तरायचं? जाऊ दे असाच. मॅजिस्ट्रेटबाई हुशार आहेत, भर कोर्टात याची बिनपाण्यानं करतील. जन्मात विसरणार नाही! खाली लिहिलं, "तपासले. बरोबर आहे." ठोकली सही.

१४ फेब्रुवारी

उद्यासाठी श्रीहरीनं शर्टाला इस्त्री करून आणली. बिचारा! मला तर हसू आवरेना.

१५ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

मॅजिस्ट्रेटबाईंनी अहवाल वाचला. म्हटलं, आता फाडतील! नाही फाडला. लच्छूच्या बापाला, झिंगूला, पुढे बोलावलं. "मुलगा रात्री घरी झोपतो का?"

झिंगूची छाती फुगली. "नाई जी! मोठा झाला ना तो आता!"

बाईंचा चेहरा दगड. तीन वर्षं सुधारगृह.

मी ताडकन उठले. "बाईसाहेब, तो त्यांचा रिवाज आहे —"

"मग अहवालात का नाही? खाली सही तुमचीच ना?"

बसले खाली. श्रीहरीला वर शाबासकी! "असे स्पष्ट अहवाल हवेत."

बाहेर झिंगू विचारत होता, "पोरगा संगंच येते ना जी?" मी वळून फाइल चाळू लागले. गुणवंतरावांनी सांगितलं त्याला. मग तेच त्याच्याजवळ पायरीवर बसून राहिले, बसची वेळ होईपर्यंत. हेच ते, मी ज्यांची टिंगल करते.

१६ फेब्रुवारी

लच्छूला नेलं. गाडीत चढताना मला विचारतो, "तिथी गोटुल हाये का?"

"आहे," म्हटलं. खोटारडी!

२० फेब्रुवारी, सोमवार

श्रीहरी काल, रविवारी, आपणहून परत त्या गावी गेला. जाताना ओकला, येताना ओकला. गोटुल बघून आला, पाच म्हाताऱ्यांचे जबाब अंगठ्यांसकट घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "माह्यावर टाका बाई. मले समजलं नाई, असंच लिहा."

किती सोपं! लिहिलं तसंच. घेऊन गेले कोर्टात.

मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "याला समजलं नाही, कबूल. पण आदेश मी तुमच्या सहीवर दिलाय. तुम्ही काय तपासलंत? ते लेखी द्या, तर फेरविचार करते."

२३ फेब्रुवारी

"घाईत वाचले" असं लिहून पाहिलं. "कामाचा ताण" असंही. दोन्ही फाडले. नोकरी बारा वर्षांची आहे. लच्छू बाराचाच दिसतो.

२७ फेब्रुवारी, सोमवार

लिहून दिलं: "अहवाल चुकीचा आहे हे सही करतानाच मला माहीत होते. सहकाऱ्याची फजिती व्हावी म्हणून तो तसाच पाठवला."

मॅजिस्ट्रेटबाईंनी दोनदा वाचलं. मला बसा म्हणाल्या नाहीत. लच्छू शुक्रवारी सुटतो.

मी आजच सुटले — निलंबित! चार्ज श्रीहरीकडे.