कोणत्या शब्दाखाली रेघ मारू?

दि. ४ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू भलतंच उत्तर देतेस, म्हणून हे पत्र. शिवाय काम तुझ्या अखत्यारीतलं आहे, इंग्रजीचं.

बाबांसाठी मी वृद्धनिवासात अर्ज करते आहे. रागावू नकोस, आधी पुरतं वाच. मी दिवसभर रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, आणि आई गेल्यापासून ते घरी एकटे. जागा चांगली आहे, लॅबपासून चालत दहा मिनिटं. फॉर्मची चार पानं मी भरली, पाचव्यावर अडले. तिथे तीन विशेषणं छापली आहेत: अ‍ॅब्सेंट-माइंडेड, फरगेटफुल आणि कन्फ्यूज्ड. लागू पडेल त्या एकाखाली रेघ मारायची. मला तर तिन्ही सख्ख्या बहिणी वाटतात. पण तिथल्या मेट्रनबाई म्हणाल्या, की खोली त्यावरच ठरते. पहिल्या शब्दाला तळमजला, स्वतःची किल्ली, उघडं फाटक. दुसऱ्याला पहिला मजला, बाहेर पडताना मदतनीस सोबत. तिसऱ्याला मागची इमारत. तिथलं दार आतून उघडत नाही.

चौतीस वर्षं तू वर्गात हेच शिकवलंस. सांग, कशाखाली रेघ मारू?

लोभ या फॉर्मपायी आटू देऊ नकोस.

तुझी,
खारुताई


दि. ९ ऑगस्ट

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

रागावले होते. भांडी घासली, मग राग उतरला.

आता नीट लक्ष दे, खिडकीबाहेर बघू नकोस. अ‍ॅब्सेंट-माइंडेड म्हणजे ज्याचं मन दुसरीकडे फिरायला गेलंय असा माणूस. हाक मारली की ते परत येतं. फरगेटफुल म्हणजे ज्याच्या हातून गोष्टी निसटतात असा. आठवण करून दिली की त्या सापडतात. कन्फ्यूज्ड माणसाला आपण कुठे आहोत आणि समोर कोण आहे, हेच उमगत नाही. सख्ख्या कसल्या? लांबच्या मावसबहिणीसुद्धा नाहीत.

दादा पहिल्यातला, जन्मापासून. मी ट्रेनिंग कॉलेजात असताना माझा विसरलेला डबा द्यायला आला, तो थेट परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन बसला. समोर प्रश्नपत्रिका पडली, तर म्हणे दोन प्रश्न सोडवूनही टाकले. डबा मला मिळाला तो रिकामा. कारण वाट पाहताना भूक लागली होती. आणखी एकदा त्याने आपल्या चष्म्याच्या दुकानाची किल्ली टपालपेटीत टाकली आणि पत्र खिशात घालून घरी आला. तुझी आई हसून हसून जिन्यातच बसली. आम्ही तिघं पोस्टमनची वाट बघत पेटीपाशी उभे राहिलो. दादा त्यालाच विचारत होता, की बाबा रे, तुझा चष्मा कोणी बनवला, इतका वाकडा कसा?

तेव्हा पहिल्या शब्दाखाली रेघ मार आणि निर्धास्त राहा. दार आतून न उघडणाऱ्या जागेचं नावही काढू नकोस.

आशीर्वाद आहेतच, कान पिळायचा राहिला तो भेटीत.

तुझी,
आत्या


दि. १४ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर मी आईसारखीच हसले. मग बराच वेळ ते हातात धरून बसले. तू फरक इतका स्वच्छ सांगितलास, की आता तुझ्यापासून लपवलेलं सांगावंच लागेल.

बाबांनी दुकानाला थोडे दिवस सुट्टी दिली आहे असं मी तुला फोनवर कळवलं होतं. ते खोटं होतं. जूनमध्ये फ्रेमा वाकवायचा हीटर चालू ठेवून ते दुकानातून निघून आले. शेजारच्या शिंप्याला धूर दिसला म्हणून निभावलं. तेव्हापासून दुकान बंद आहे. मागच्या महिन्यात दूध आणायला गेले, ते चार तासांनी बस स्टँडवर सापडले. पायात एकच चप्पल. आणि गेल्या सोमवारी मी चहा दिला, तर माझ्याकडे बघून संकोचाने म्हणाले, की तुम्ही कशाला त्रास घेतलात, तुमच्या घरी वाट बघत असतील.

आत्या, त्यांनी मला तुम्ही म्हटलं. मी बाबा, बाबा अशी हाक मारली. त्यांचं मन परत आलं नाही.

तुझा दादा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. माझ्या वाट्याला आजचे बाबा आले आहेत. ते दार बंद राहील अशी रेघ माझ्या हातून मारवत नाही, आणि उघडं राहील अशी मारायची भीती वाटते.

उलट लिहिलं, ते पोटात घाल.

तुझी,
खारुताई


दि. १८ ऑगस्ट

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा काढून, म्हणजे वाचता येऊ नये.

मधल्या शब्दाखाली रेघ मार, असं लिहायला बसले होते. पण पेपर न तपासता मार्क द्यायची खोड मला कधी नव्हती. गुरुवारच्या गाडीने येते. फॉर्म तसाच ठेव.

आत्या


दि. २७ ऑगस्ट

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. शुक्रवारी तू कामावर असताना जे झालं ते तुझ्यासमोर तोंडातून निघेना, म्हणून लिहिते.

दादाने मला ओळखलं नाही. गिऱ्हाईक समजला. बसा बाई म्हणाला, खुर्ची पुसून दिली. मग माझ्या नाकावरचा चष्मा अलगद काढून उजेडात धरला आणि विचारलं, की हे कोणी बसवलं, फारच घाईत केलंय. त्यानेच चार वर्षांपूर्वी बसवला होता. कपाटातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला. बटण लावताना थरथरणारे ते हात, तुझी शपथ, जराही हलले नाहीत. डावी दांडी किंचित वाकवली, कानामागे बोट फिरवून बघितलं, पुन्हा वाकवली.

काम करता करता सांगू लागला, की माझ्या बहिणीचंही नाक अगदी असंच. तिचा चष्मा कायम डावीकडे घसरतो. ती तोंडाने बोलायची नाही, वाचताना नुसती मान वाकडी करते. मास्तरीण आहे, पोरांना वाटतं बाई रागावल्यात. म्हणून मी तिच्यासाठी डावीकडचं पॅड वेगळं घासून ठेवतो.

साठ वर्षं मान वाकडी करत आले, आणि ते कोणाच्या लक्षात आलंय हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, की ती बहीण कुठे असते? तर हळूच म्हणाला, की यायची आहे, मी वाट बघतोय.

मग मी त्याच्याच टेबलावर फॉर्म उघडला आणि तिसऱ्या शब्दाखाली रेघ मारली. पट्टी घेऊन, सरळ. ती तू मारलेली नाहीस, मी मारली, हे ध्यानात ठेव आणि मनाला लावून घेऊ नकोस. त्याला हाक ऐकू येत नसेल, तर हाकेच्या अंतरावर कोणीतरी कायम असायला हवं.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या


दि. २२ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा वृद्धनिवासात राहायला जाऊन दोन आठवडे झाले. पहिले चार दिवस ते दाराशी जाऊन उभे राहायचे. मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडायचे. पाचव्या दिवशी मेट्रनबाईंनी त्यांना खिडकीपाशी एक टेबल दिलं. आता सकाळी तिथे रांग लागते. निम्म्यांचे चष्मे नीटच असतात, तरीही येतात.

काल रविवारी मी गेले. मला ओळखलं नाहीच. संत्रं सोलून अर्धं मला दिलं, हवापाण्याचं बोलले. निघताना दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, की बाई, पुढच्या वेळी जरा लवकर या, तुम्ही आलात की घरचं माणूस आल्यासारखं वाटतं.

मी हो म्हटलं. लवकर येते म्हटलं.

तूही ये. आम्हा दोघांवरचा जीव असाच ठेव.

तुझी,
खारुताई