विजयमाला हल्ली विसरते

४ जानेवारी
संकल्प: विजयमालावर चिडायचं नाही. बायको आहे, वय होतंय. पण एकच गोष्ट माणसाने किती वेळा सांगावी? भाग्यश्री रविवारी येणार, भाग्यश्री रविवारी येणार. आपलीच लेक, येणारच! मी फक्त कधी येणार एवढं विचारलं होतं.

११ जानेवारी
गॅरेजमध्ये डोकेदुखी. खराडीच्या एका आयटीवाल्याच्या गाडीची दोन दारं स्प्रे केली. रंग नजरेनेच मिसळला, आयुष्यभर तसाच मिसळत आलोय. तो म्हणाला, काका, दुसरा शेड फ्री होता का? ट्यूबलाइट खराब आहे, दुसरं काही नाही. मालक संतोषशेठने परत मास्कचं काढलं. मास्क लावून पेंटिंग म्हणजे मोजे घालून आंघोळ. मला तर थिनरचा वासही येत नाही आता. शरीराने पचवलाय.

१९ जानेवारी
विश्रांतवाडीत कुठलं वळण कुठे नेऊन ठेवलंय, काही कळत नाही. घरी यायला उशीर. विजयमाला चौकात उभी. म्हणाली, भाजी घ्यायला आले. हातात पिशवीच नाही! काळजी वाटते हिची.

२७ जानेवारी
ठरलं. तिला डॉक्टरकडे न्यायचं. हळूच विषय काढला तर लगेच तयार. म्हणाली, नंबर लावलाय, दोघं जाऊ. बिचारी. तिलाही कळलंय तर.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी सगळे प्रश्न मलाच विचारले. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत म्हणायला लावले. मी म्हटलं, मॅडम, पेशंट ही आहे. विजयमाला खाली बघत राहिली. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं थिनर श्वासातून मेंदूत जातोय. गेलं ते बहुतेक परत येणार नाही, पण काम बंद केलंत तर उरलंय ते टिकेल.

रिक्षात विजयमाला म्हणाली, तुम्ही रोज तेच विचारता, म्हणून मी रोज तेच सांगते. तुम्हाला लागू नये म्हणून पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगते.

म्हणजे मी हिची कीव करत होतो आणि ही मला सांभाळत होती. फार रडू आलं. माफी मागायचं ठरवलं. उद्यावर टाकलं तर राहूनच जाईल, म्हणून लगेच उठून स्वयंपाकघरात गेलो. ती पोळ्या लाटत होती. बोलायला सुरुवात केली.

ती म्हणाली, अहो, दुपारी जेवताना सांगितलंत की. मग गॅस बारीक केला, हात पुसले आणि म्हणाली, सांगा परत.