अक्काच्या मापाचा पाट

थेरगाव, सोमवार

जाईअक्का, धाकट्याचा जयभीम.

गुडघाभर उंचीचा लांब सागवानी पाट, पाठीला टेकू, पाणी निथळायला सोळा भोकं, आणि अंजलीच्या मालिशीला कंबरेएवढा पलंग. सगळं मी या हातांनी केलं, कुणी शिकवलं नाही.

गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून बाळंतिणींची मालिश सोडली म्हणालीस. आता पाटावर बसून पाय लांब कर आणि बाळ पायांवर घे.

अंजलीला नववा लागलाय. पाय सुजतात, पण डॉक्टर काळजी नको म्हणतात. आईविना पोर रोज विचारते, "आत्या येणार ना?" मी हो सांगून बसलोय.

दाजींचा खोकला कसा आहे? त्यांनाही आण. रविवारी गाडी घेऊन येतो, दोन महिन्यांचे कपडे भरून ठेव.

हिंजवडीच्या एका मालिश सेंटरवाल्या बाई पाट-पलंग मागत होत्या. माप अक्काचं आहे म्हणून मी नाही म्हटलं, चाळीस हजार देत होत्या तरी.

तुझा जयसिंग