आरतीला ड्रम मशीन

२४ जून २००१, रविवार
आजवर स्वतःच्या हाताने, कोणाकडे न शिकता केलेल्या वस्तू: व्होल्टेज स्टॅबिलायझर (फ्रिजपुरता). टाकी भरली की ओरडणारा भोंगा. देव्हाऱ्यातली फिरती लाईट. ट्रान्झिस्टर, ज्यावर रायपूर स्वच्छ लागते आणि नागपूर हवा चांगली असली तर. कूलरचा पंप. सौ. विजयाच्या मिक्सरचे झाकण. आजपासून यात भर: ठेका.

नागपूरला एक ऑर्केस्ट्रा बुडाला. त्यांचे ड्रम मशीन काल घेऊन आलो. जपानी. सोळा बटणे, वर फिरवायच्या खुंट्याच खुंट्या. आत तयार आवाज एकही नाही. आवाज आपणच घडवायचा, मग सोळा मात्रांच्या घरांत बसवायचा. विजयाने विचारले, "हे काय आणून राहिले आता?" सांगितले, ढोलक. म्हणाली, "ढोलक वाजवाले माझा भाऊ आहे ना."

तीच तर अडचण आहे.

२६ जून
अडचण सविस्तर. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला ढोलक श्यामकांत वाजवतो. विजयाचा धाकटा भाऊ, बँकेत आहे, हात जोरदार. पण लय! मी गेल्या वर्षी घड्याळ लावून मोजली. सुरुवातीला मिनिटाला नव्वद ठोके, शेवटी दीडशेच्या वर. रायपूर आता नवीन राज्याची राजधानी आहे, तिला हे शोभत नाही. आता बाहेरचे लोक येतात.

संकल्प: २२ ऑगस्ट, चतुर्थी, आरतीचा ठेका माझ्या यंत्रावर. पहिला ते शेवटचा ठोका एकाच लयीत. ऑफिसात वेळच वेळ आहे. फायली जुन्या राजधानीतून, भोपाळहून, यायच्या आहेत.

२९ जून, संध्याकाळ
ढोलकची डावी बाजू घडवली. जाड आवाज, वरून खाली घसरणारा, लगेच विरणारा. शेजारचे विचारून गेले, जनरेटर घेतला काय. म्हणजे आवाजात वजन आहे.

२ जुलै
उजवी बाजू. खरखर किंचित जास्त झाली. विजया अंगणातून ओरडत आली, "गॅसवर काय जळून राहिलं?" ऋता (आमची मुलगी, बी.एस्सी. दुसरे वर्ष, मराठी समजते, बोलत नाही) म्हणाली, "पापा, ये ढोलक कम, तड़का ज़्यादा लग रहा है." नवीन पिढीचा कान फिल्मी गाण्यांनी बिघडला आहे. खरखर तेवढीच ठेवली. तत्त्व.

११ जुलै
टाळ जमला. ऋताने स्वयंपाकघरात जाऊन चमचे मोजले.

१५ जुलै, रविवार
पहिल्या कडव्यांची सरासरी काढून लय ठरवली: एकशे चार. श्यामकांत पोहे खायला आला होता. त्याला सांगितले. त्याने यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाला, "एकशे चार? भाऊजी, क्रोसिन द्या न याले." मग विचारले, "मग मी काय करू यंदा?" मी म्हटले, तू आता आराम कर, किती वर्षे केलेस. तो हसला. चहा अर्धा ठेवून गेला. साखर कमी असावी.

विजया संध्याकाळपासून बोलत नाही. उपवास असेल.

२२ जुलै
ब्राह्मणपारा वस्तीत जाऊन मंडळाचे सचिव शरच्चंद्ररावांना भेटलो. त्यांचे घराणे भोसल्यांच्या काळापासून इथले, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला विचार करायला वेळ लागतो. म्हणाले, "यंदा मंत्रालयातले उपसचिव साहेब येऊन राहिले आरतीले. काही गडबड नाही न होणार?" मी म्हटले, गडबड माणूस करतो, यंत्र नाही. म्हणाले, "आणि श्यामकांतले चालते का?" मी म्हटले, तो आराम करून राहिला. "हव," म्हणाले. हा होकारच.

२९ जुलै
मंडळाच्या हॉलमध्ये तालीम. यंत्र निर्दोष. माणसे सदोष. पहिल्या कडव्यात सगळे एकशे चारवर, टाळ्या सुरू झाल्या की पळत सुटतात. तीनदा थांबवून समजावले. मागून एक बाई म्हणाल्या, "भाऊ, देवापुढे का हजेरी लावाची आहे?" यंत्र पुन्हा पहिल्यापासून लावले.

संकल्प: पुढच्या रविवारी सगळ्यांची एकशे चारची प्रॅक्टिस घेणार.

५ ऑगस्ट
प्रॅक्टिस. आले: मी, ऋता. ऋता मोबाईल नाही म्हणून रुसून आली होती, तिला बाहेरून फोन करायला नाणी हवी होती. दिली. गेली.

७ ऑगस्ट
भयंकर. माहितीपुस्तक जपानीत आहे, पण मी चित्रांवरून वाचतो. एका पानावर बॅटरीचे चित्र, त्यावर तिरपी रेघ. अर्थ उघड: बॅटरी ठेवू नये. काढली. यंत्र चालू केले. शांतता. डावी बाजू नाही, उजवी नाही, टाळ नाही, ठेका नाही. यंत्राची आठवण दीड महिना त्या बॅटरीच्या आधारावर उभी होती. रेघेचा अर्थ "काढू नये" असा असावा, असे ऋता म्हणते. असेल. पण मग चित्र संदिग्ध आहे. जपान्यांकडून ही अपेक्षा नव्हती.

त्या पोह्यांच्या रविवारनंतर विजया पहिल्यांदाच बोलली. "देवानं सांगितलं तुम्हाले. आता तरी श्यामले बोलवा."

८ ऑगस्ट
बोलावणार नाही. सगळे आवाज पुन्हा करणार. पहिल्यापेक्षा चांगले.

१९ ऑगस्ट
झाले. पहिल्यासारखे नाहीत, पण मी पहिल्यासारखे कसे होते ते लिहून ठेवले नव्हते, त्यामुळे तुलना अशक्य आहे. टाळ ढोलकपेक्षा मोठा वाजतो. त्याला प्रसंगाचे भान म्हणायचे.

२२ ऑगस्ट, चतुर्थी, जेवणानंतर
घाईत लिहितो. हॉल भरलेला. उपसचिव साहेब पहिल्या रांगेत, हात जोडून. श्यामकांत शेवटच्या खांबाजवळ, ढोलक सोबत, खोळीत. मी विचारले, कशाला आणलास? म्हणाला, "घरी एकटा राहते न तो."

पहिली आरती सुरू. दोन कडवी सगळे माझ्यासोबत. मग नेहमीचे पळणे. टाळ्या पुढे, यंत्र मागे. मी हाताने खूण केली: हळू. उपसचिव साहेबांना वाटले बसायची खूण आहे, ते बसले, पुन्हा उठले. यंत्र ढळले नाही. शेवटी लोकच दमून एकशे चारवर आले. हा माझा विजय, इथे नोंदवतो.

आरत्या संपल्या, सगळे स्वतःभोवती फिरले. आता ठेका थांबवायचा. पण गाणाऱ्यांच्या आधी वाजवणाऱ्याने थांबणे हा उद्धटपणा आहे, हे मी स्वतःला फार पूर्वी शिकवले आहे. म्हणून वाट पाहिली. लोक थांबले नाहीत. कोणीतरी देवीची आरती घेतली. ती संपली, शंकराची निघाली. मग मारुतीची. मग ज्याला जी येत होती ती. कापूर पुन्हा लावला, पुन्हा विझला. उपसचिव साहेब फिरायची वेळ आली की फिरत होते. एक आरती तर कोणालाच पहिल्या ओळीपुढे येत नव्हती, तरी त्यांनी ती एकच ओळ धरून ठेवली. असा उत्साह मी या मंडळात कधी पाहिला नाही.

पाऊण तास! शेवटी श्यामकांतने खांबामागून येऊन प्लग काढला. सगळे होते तिथेच थांबले. मग "मोरया" असे काही ओरडले की तोरण हलले. मला टाळ्याच वाटल्या त्या.

साहेब मोदक न घेता गेले. राजधानीतले लोक, वेळ नसतो.

२३ ऑगस्ट
विजया सकाळी म्हणाली, "लोक तुमची वाट पाहून राहिले होते." मी म्हटले, मी लोकांची पाहत होतो. म्हणाली, "ठेका चालू असताना आरती सोडाची कशी? देवापुढे अर्ध्यातून उठल्यासारखं होते. मंडळातल्या आजीबाईचे गुडघे सुजले, माहीत आहे?"

म्हणजे दोन्ही बाजूंनी नम्रताच होती. याला दोष म्हणता येत नाही. आज संध्याकाळच्या आरतीला यंत्र नेले नाही, कारण शेवटाचा ठेका बसवत होतो. खिडकीतून ढोलक ऐकू आला. शेवटी दीडशेच्या पुढे होता. मोजले. सगळे एकदम थांबले. योगायोग.

बटण दाबले की तीन ठोके आणि बंद, असा शेवट बसवला. तो बसतो, पण कधीकधी सुरुवातीलाच वाजतो.

२४ ऑगस्ट
सकाळी शरच्चंद्रराव घरी आले. बसले. पाणी प्याले. मुद्द्यावर यायला त्यांना घराण्याप्रमाणे वेळ लागला. विजयाने चहा आणला आणि, आश्चर्य म्हणजे, तिथेच उभी राहिली. म्हणाले, "विनायकभाऊ, तुमची मेहनत सगळ्यांनी पाहिली." मी म्हटले, हव. म्हणाले, "तर मंडळाच्या लोकांनी तुमच्यासाठी वर्गणी केली." आणि वर्गणीदारांची यादी लावलेले पाकीट पुढे केले.

मंडळाच्या इतिहासात कोणत्याही वादकाला मानधन दिलेले नाही. श्यामकांतला तर नारळही नाही. मला भरून आले. विचारले, कोणत्या आरतीचे? ते विजयाकडे पाहू लागले. विजया म्हणाली, "सांगून टाका दादा." ते म्हणाले, "विसर्जनापर्यंत मशीन घरीच ठेवाचे."

मी पाकीट परत केले. कलेची अशी किंमत करायची नसते, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. यंत्र विसर्जनापर्यंत घरीच राहील, पण ते माझ्या मर्जीने आणि फुकट. शरच्चंद्ररावांनी दोनदा विचारले, "नक्की न?" मी म्हटले, शब्द म्हणजे शब्द.

नाकारलेली रक्कम: दोनशे एकावन्न रुपये. त्यातले शंभर विजयाचे.