रोजविथाला आणायला निघाले होते

ग्रेगोर,

मी विमानतळावर रोजविथाला आणायला चाललेय. तू तिला फोनवर ऐकवलंस, "टॅक्सी कर, बस कर, नाहीतर आगगाडीनं ये, कुक्कुलं बाळ आहेस का?" बहिणीशी बोलायची रीत झाली का ही? मग ती मला म्हणाली, "आई, घरचं कोणी दिसलं तर आपल्या रेगेन्सबुर्गच्या गाडीत बसेन, नाहीतर सरळ लाइपझिगच्या." इतक्या वर्षांनी येतेय पोर! बायर्न प्रांतभर चालणारं दोघींचं दिवसाचं एकच तिकीट काढलं की येताना तीही त्यावरच येते, एवढं मला न शिकताही कळतं. सूप शेगडीवर आहे.

आता पुढचं वाच. विमेवाले सांगतात म्हणून जाताना तू बाहेरून किल्ली दोनदा फिरवलीस; आतून दार उघडत नाही, आणि मी पडले त्या दिवसापासून माझी किल्ली तुझ्याच खिशात आहे. तुझा फोन कारखान्यातल्या कपाटात, तिचा लागत नाही. कोट-टोपी घालून दाराशीच बसलेय. विमान केव्हाच उतरलं असेल.

आलास की बूट काढू नकोस. लाइपझिगची तिकिटं काढ. बायर्नचं तिथे चालत नाही. एक तुझं, एक माझं.

आई