मामाला चावी दिली नाही

पावस, मंगळवार, दिवेलागणीला

मामा चहा न घेताच देवरुखला परत गेला. जाऊ दे.

माझा जुना ट्रॅक्टर तो घेणार होता आणि उद्या मी गोव्याला बोटीवर कामाला निघणार होतो. सकाळीच ट्रॅक्टरखाली शिरलो, चेसिस नंबरवर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. नंबर असा सुरेख उमटला की आणखी दोन ठसे उगाचच काढले. पोरखेळ, दुसरं काय! पण एक नीट आरटीओच्या नाव बदलायच्या फॉर्मवर चिकटवला.

ठसा बघून मामा हसला. "मेल्या, दहावीला एवढी पेन्सिल घासली असतीस तर! आपल्यात कागद कसले? कोऱ्या फॉर्मवर सही कर, नावाचं मी बघतो सावकाश."

सावकाश म्हणजे कधी? त्याच्या ड्रायव्हरकडे लायसन नाही, ट्रॉलीत माणसं उभी करून घाट उतरतो. उद्या काही झालं तर पोलीस कागदावरचं माझंच नाव वाचणार ना? मी म्हटलं, "मामा, उद्या मी निघायच्या आधी माझ्याबरोबर आरटीओत चल. नाव बदलायचा अर्ज दे, मग चावी."

"उद्या मला वेळ नाही."

आई मध्येच म्हणाली, "सख्ख्या मामावर भरवसा नाही तुझा?"

मामावर आहे. ड्रायव्हरवर नाही. तेव्हा सुचलंच नाही, आत्ता सुचतंय.

मी गेलो की आई त्याला चावी देऊन टाकेल, म्हणून नाव बदलेपर्यंत मी इथून हलत नाही. बोट काही माझ्यासाठी थांबणार नाही. न थांबो. आजवर कामं कंटाळून सोडली. हे पहिलंच, जे हट्टाने सोडतोय.