शिंपीणबाईंचं विरजण

३ फेब्रुवारी

चि. सौ. छबूस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून आनंद झाला. आता सबब उरली नाही, तेव्हा यायचंच. महिनाअखेरीस आमच्या वस्तीच्या सभागृहात सहभोजन आहे. इथे एकेका जिन्यावर पाचपाच मुलखांची माणसं राहतात आणि जो तो आपल्या घरचं रांधून आणतो. यंदा पहिल्यांदाच खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आपलं टेबल मांडणार आहेत. त्या आफ्रिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या. मी जन्मभर नकाशे काढले, त्यांचे डोंगर तपकिरी शाईनं कितीदा रंगवले, पण त्या डोंगरांत लोक जेवतात काय, ते कळायला हे वय उजाडलं.

तेफ नावाचं खसखशीहून बारीक धान्य असतं. त्याचं पीठ भिजवून आंबवायचं आणि परातीएवढ्या तव्यावर एकाच बाजूनं भाजायचं. वर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडते. त्याला इंजेरा म्हणतात. आंबवायला आधीच्या पिठाचं विरजण लागतं, आणि बाईंचं विरजण त्यांच्या आईच्या हातचं आहे. देश सोडताना त्यांनी ते वाळवून कापडात बांधून आणलं आणि इथे पुन्हा जागं केलं. आई गेली, विरजण जगतंय. हे ऐकताना मला शाळेतल्या कवितेच्या तासासारखं गलबलून आलं, तर बाई म्हणाल्या की बाबा, लांब उभं राहून रडा, पिठात मीठ पडेल.

त्यांची खोली एवढीशी, म्हणून पीठ सभागृहाच्या स्वयंपाकघरात आंबायला ठेवणार आहेत. आमचा सचिव वासावरून कुरकुरला, पण मी शब्द टाकल्यावर त्यानं किल्ली काढून दिली. एका बाकावरचा दोस्त तो. अजून रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर कवितांच्या भेंड्या होतात. माझी ओळ अडली की तो पुरी करतो, आणि वर मला गाढव म्हणतो.

ये. मात्र माझं घर धुवायला काढू नकोस. मागच्या खेपेला तू शाईची दौतसुद्धा घासून ठेवली होतीस, शाईसकट.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा

२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. सगळ्यांची टेबलं भरलेली आणि शिंपीणबाई रिकाम्या टेबलावरची चादर सारखी करत बसलेल्या, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या दिवशी मी बोलले तेच पुन्हा लिहिते, कारण निघेपर्यंत तू तेच विचारत होतास. मी बाहेर बशा पुसत होते. तुमचे सचिव स्वयंपाकघरातून नाक दाबून बाहेर येताना मला दिसले. त्यानंतरच बाई आत गेल्या आणि त्यांचा आवाज आला. आता सचिव नाही म्हणतात तर म्हणू देत. विरजणासकट पातेलंभर पीठ मोरीत गेलं ते काही परत येणार नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस, रक्तदाबाची गोळी वेळेवर घे.

शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्या काही बोलल्या का? कळव.

तुझा लोभ आहे म्हणून माहेर आहे, तो असाच ठेव.

तुझी
छबू

९ मार्च

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालूनच सभागृहात गेलो. कॅरम खेळणारे होते, बेकरीवाला होता, दवाखान्यातली नर्स होती. सगळ्यांदेखत सचिवाला म्हटलं की तू एका आईचं शेवटचं उरलंसुरलं मोरीत ओतलंस. तो म्हणाला की मी त्या पातेल्याला हात लावला नाही. मी म्हटलं, माझी बहीण खोटं बोलत नाही. तो हळूच म्हणाला की म्हणजे मी खोटं बोलतो. मी हो म्हटलं आणि तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अगदी ठासून, थांबत थांबत, वर्गात कविता म्हणावी तसं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि उठून घरी गेला.

शहाजोगपणा तरी किती! पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं होतं. या माणसानं घरी कधी कपाखालची बशी विसळली नाही.

शिंपीणबाई काहीच बोलत नाहीत. खाली दिवसभर मशीन चालू असतं. पीठ पुन्हा भिजवायचं नावही काढत नाहीत. मी संध्याकाळी गच्चीवर एकटाच बसतो. परवा एक ओळ अडली ती अजून अडलेलीच आहे.

तू नसतीस तर या माणसाचा खरा चेहरा मला मरेपर्यंत दिसला नसता.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा
दादा

२१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून घाबरले. चारचौघांत वाचून दाखवायला ते पत्र होतं का? अरे, पिठापायी शाळेपासूनची दोस्ती मोडायची? ज्यानं कुणी ओतलं त्यानं वाईट मनानं ओतलं नसेल. त्या पिठावर फेस आला होता, पिवळं पाणी सुटलं होतं, वास तर असा की डोकं उठावं. कुणाही स्वच्छ माणसाला ते नासलंय असंच वाटणार. मिटव आता, पण मिटवताना माझं नाव मध्ये आणू नकोस.

शिंपीणबाईंसाठी एक नवं पातेलं पाठवते आहे. जाड बुडाचं आहे. त्यांना आवडेल ना? अजून काही बोलल्या नाहीत ना त्या?

रागावू नकोस, लोभ ठेव.

छबू

४ एप्रिल

सौ. छबूस,

पातेलं आलं. मी ते कौतुकानं खाली घेऊन गेलो. बाईंनी ते हातात न घेता पायानंच बाजूला सारलं. मला वाईट वाटलं. सचिवाचा राग डोक्यात होताच, म्हणून मी पुन्हा त्याच्या नावानं सुरू झालो. तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या की पुरे झालं बाबा, तो हात तुमच्याच घरचा होता.

त्यांनी दारातून पाहिलं. तू पदरानं नाक धरून पीठ ओतलंस, नळ सोडलास आणि पातेलं घासायला बसलीस. त्या धावल्या तोवर सगळं संपलं होतं. त्यांना वाटलं, तू आपणहून सांगशील. त्या चार शिव्या घालतील, तू रडशील आणि विषय संपेल. पण लोक जमल्यावर तू सचिवाकडे बोट दाखवलंस आणि त्यांची वाचाच बसली. मी विचारलं, इतके दिवस मला का नाही सांगितलं? त्यांनी उलट विचारलं की सांगितलं असतं तर तुम्ही कुणाचं खरं मानलं असतं, बहिणीचं की माझं?

छबू, नासलंय असं वाटून ओतलंस, हा काही गुन्हा नव्हता. पण मी तुझं खोटं ठासून वाचत होतो तेव्हा तो समोर बसून ऐकत होता गं.

काल त्याच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं आणि मला म्हणाला, या, बसा. जन्मभर गाढव म्हणणारा माणूस मला या, बसा म्हणाला. पाणी दिलं. मी माफी मागितली, तर त्यानं उकाड्याबद्दल विचारपूस केली.

वीस तारखेच्या आसपास बाई पुन्हा टेबल मांडणार आहेत. ये, आणि जे सांगायचं ते तुझ्या तोंडानं त्याला सांग. मी सांगून भागणार नाही.

दादा

१३ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

गुडघा पुन्हा सुजला आहे, प्रवास जमेलसं दिसत नाही. तू म्हणतोस ते सगळं खरं धरलं, तरी इतक्या परक्यांसमोर मी काय तोंड दाखवलं असतं? पाहुणी म्हणून आलेली मी. तोंडातून निघून गेलं, मग ते मागे घ्यायचं कसं? तू मला लहानपणापासून ओळखतोस, आणि आज खालच्या मजल्यावरची बाई तुला जवळची झाली. त्या सचिवांना तूच समजावून सांग. तुला शब्द चांगले सापडतात.

झालं गेलं सोडून दे. मी तुझी एकुलती एक बहीण आहे.

लोभ कमी करू नकोस.

छबू

२४ एप्रिल

छबूस,

बाईंचं टेबल झालं. पीठ आणि पाणी खिडकीत ठेवून त्यांनी नवं विरजण धरलं. पहिलं वाया गेलं, दुसरं जमलं. आईच्या हातची चव नाही म्हणाल्या.

त्यांच्याकडे प्रत्येकाचं ताट वेगळं नसतं. एका भल्यामोठ्या थाळीत इंजेरा पसरतात, वर मसुराचं तिखट कालवण आणि भाज्या वाढतात, आणि सगळे भोवती बसून त्यातूनच खातात. जेवणाआधी आपल्या हातानं घास करून शेजारच्याच्या तोंडात द्यायचा असतो. शेजाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. नर्स होती, बेकरीवाला होता, बस चालवणारा होता. सचिव दाराशीच उभा होता. बाईंनी त्याची बाही धरून त्याला माझ्या डावीकडे आणून बसवलं. माझ्या उजवीकडे त्यांनी एक जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवली होती. तुमची बहीण येणार का, असं त्यांनी सकाळीच विचारलं होतं. मी नुसतं हं केलं होतं.

घास फिरत फिरत सचिवापाशी आला. त्यानं नीट गुंडाळी केली, मसूर आत राहील अशी, आणि हात माझ्या तोंडाशी आणला. नजर मात्र समोरच्या भिंतीवर होती. मी तोंड उघडलं. आंबट होतं, चांगलं होतं. मग माझी पाळी आली. मी घास केला आणि उजवीकडे वळलो.

तो घास बराच वेळ हातातच राहिला. शेवटी मी तो परत थाळीत ठेवला.

दादा